मोरीवरचा पंचा

त्या पहाटे मी कोंबड्याच्या आधी उठले आणि बघते तर अख्खी वस्ती माझ्या आधी उठून बसलेली. शेजारची पंचवर्णम दारातच उभी होती. साडीचा काष्टा मारलेला, बिनतळाची टोपली टोपीसारखी डोक्यावर घातलेली, आणि वर मलाच विचारते, "राकायी, मासे काय चालत तुझ्या चुलीपर्यंत यायचेत?" जीभ नाही ती, विळा आहे. मी म्हटलं, बाई, तुझ्या घरात नुसते मासे खाणारे आहेत, माझ्या घरात आज नवरदेव आहे. त्याला सजवल्याशिवाय मी हलायची नाही.

नवरदेव म्हणजे माझे सासरे, मोक्कैयन. वय विचाराल तर त्यांनाही ठाऊक नाही, पण सत्तरी कधीच मागे पडली. आमच्या वेंबंगुळमच्या तळ्याचे ते पाटकरी. तळ्याच्या पाण्याची दगडी मोरी कधी उघडायची, कुणाच्या शेताला किती वेळ पाणी सोडायचं, बांधाला खेकड्यांनी कुठे भोक पाडलंय, सगळं त्यांच्या गळ्यात. त्यांच्या बापाच्या गळ्यातही हेच होतं. सुगीला प्रत्येक खळ्यावरून सूपभर धान्य मिळायचं आणि वर्षभर शिव्या मिळायच्या. पाणी कमी पोचलं तरी मोक्कैयन मेला, जास्त पोचलं तरी मोक्कैयन मेला. आणि आज त्याच माणसाच्या हातून मासेमारीचा पंचा फिरायचा होता. मेलूरच्या बाजारातून मी निवडून आणलेला, लांबरुंद, पांढराशुभ्र पंचा त्यांच्या खांद्यावर घातला तर म्हातारा चक्क लाजला. आदल्या संध्याकाळपासून अन्नाला शिवले नव्हते. मी म्हटलं, मामंजी, दोन घास इडली खा. तर म्हणाले, परत आल्यावर मासाच खाईन.

आमच्याकडची ही मासेमारी म्हणजे काय, ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पंगुनी महिन्याच्या उन्हाने तळं आटत आटत मांडीभर पाण्यावर येतं, मासे एकमेकांच्या अंगावर चढायला लागतात, तेव्हा एक दिवस ठरतो. आसपासच्या गावांना सांगावा जातो. पहाटेपासून माणसं चारी बांधांवर येऊन उभी राहतात. मोरीवरच्या करुप्पसामीपुढे पुजारी कापूर लावतो, तो जळून संपला की मोरीच्या दगडावरून पांढरा पंचा हवेत फिरतो, आणि मग जो तो पाण्यात. त्याआधी पाण्याला पायाचा अंगठा लावायचा नाही. आणि धरलेला मासा विकायचा नाही. ज्याला मिळाला त्याने रांधायचा, ज्याला नाही मिळाला त्याला वाढायचा.

पण पंच्याचा मान होता अंबलमांच्या घरचा. अंबलम म्हणजे वरच्या गावचे मानकरी, पिढ्यानपिढ्यांचे. आणि त्यांनी पंचा फिरवला तरी तो आमच्यासाठी फिरत नसे. आधी गाव उतरायचं. ते पिशव्या भरभरून वर आले की मग वस्तीची पाळी. तोवर तळ्यात काय उरणार? गढूळ चिखल आणि बोटाएवढी पिल्लं. मी सून होऊन आले त्या वर्षी हे पाहिलं, तेच शेवटचं. पुढच्या खेपेला वस्तीतली पोरं म्हणाली, उतरू तर सगळे एकदम, नाहीतर उतरणारच नाही आणि उतरूही देणार नाही. गाव म्हणालं, मग मासेमारीच नको. झालं. तळं ठेकेदाराकडे गेलं. तो दरवर्षी ट्रक भरून मासे न्यायचा आणि आम्ही, गाव काय नि वस्ती काय, बांधावर बसून बघत राहायचो. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, दुसरं काय.

यंदा तळं काठोकाठ भरलं आणि सरपंच अळगुमीनाने कंबर कसली. ती अंबलमांच्याच भावकीतली, पण बोलायला गोड आणि धरलं ते न सोडणारी. एकदम उतरायला गाव तयार झालं, कारण ठेकेदाराचे ट्रक बघून त्यांचंही पोट दुखतच होतं. घोडं अडलं ते पंच्यावर. थोरले वीरणन अंबलम आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यातून विस्तव जात नाही. थोरले म्हणत, मान माझा. धाकटे म्हणत, बाप काय तुझा एकट्याचा होता? शेवटी अळगुमीना म्हणाली, दोघांनाही नको, तळ्याची राखण करणाऱ्या पाटकऱ्याला देऊ. धाकट्यांनी लगेच मान डोलावली, कारण थोरल्याला मिळत नव्हता. थोरल्यांनीही डोलावली, कारण धाकट्याला मिळत नव्हता. मात्र वीरणन अंबलमांनी एक अट घातली. रीतीत खोट आली, म्हणजे कापूर जळून संपायच्या आत कुणी पाण्यात गेलं, तर पंचा कायमचा त्यांच्या घरी. सगळे हो म्हणाले, आम्हीही म्हणालो. खोट कशाला येतेय?

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. ट्रॅक्टरमधून आलेली, मोटरसायकलवरून तिघं तिघं आलेली, पार शिवगंगेकडून रातोरात निघालेली. खांद्यावर जाळी, हातात टोपल्या, काहींनी तर घरच्या मच्छरदाण्याच उचलून आणलेल्या. माझा मुलगा कदिरेसन तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात असतो, तो रजा टाकून आलेला. हातात मोबाइल धरून आजोबांचा व्हिडिओ काढायला मोरीच्या खालीच ठाण मांडून बसला. आपल्या मित्रांना सांगत होता, माझे आजोबा हात हलवतील तेव्हा हे सगळे पळतील, बघाच. ऐकून माझं काळीज सुपाएवढं झालं.

आणि तळं! पाणी नुसतं उकळत होतं म्हणा ना. इकडून चिलापी उडी मारतेय, तिकडून कटला शेपूट आपटतोय. पंचवर्णम माझ्या कानाशी लागली, "ती मोठी दिसली का? ती माझी. तिच्याकडे बघूसुद्धा नको." मी म्हटलं, मासा काय तुझ्या नावाचा पट्टा घालून फिरतोय?

मामंजी मोरीच्या उंच दगडावर चढले. एकटेच. खांद्यावर तो पंचा. आणि सांगते, त्या क्षणी चारी बांध गप्प झाले. लेकरं गप्प, बायका गप्प. हजारो डोळे त्या एका पंच्यावर. वाऱ्याने त्याचं टोक जरा हललं तरी माणसं पुढे झुकायची आणि परत मागे व्हायची. वस्तीतल्या माणसाच्या खांद्यावरच्या कापडाकडे अख्खं गाव श्वास रोखून बघतंय, हे मी याचि डोळा पाहत होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

इकडे पुजारी सोलैमलैचा कापूर पेटेना. काडी ओढायची, वाऱ्याने विझायची. दुसरी ओढायची, तीही विझायची. त्याने अंगावरचं धोतर आडवं धरलं, मग ओंजळ धरली, मग करुप्पसामीलाच दोन शब्द सुनावले. शेवटी एकदाची ज्योत लागली. बांधाबांधांवरून सुस्कारा ऐकू आला. आता कापूर संपेपर्यंतच काय ती कळ काढायची.

तेवढ्यात बांधावरून काळी छत्री येताना दिसली.

वीरणन अंबलम. सूर्य अजून वर आला नव्हता तरी छत्री उघडी. कमरेला पांढरीफेक वेष्टी, पायात कोरी पायताणं. मुद्दाम उशिरा आले होते, कारण उशिरा येणाऱ्याकडे सगळे बघतात. माणसं बाजूला होत होती, ते चालत होते. सरळ मोरीच्या दगडापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी वर बघितलं.

आता एक सांगायला हवं. मामंजींच्या तरुणपणी वस्तीतल्या पुरुषाने गावातल्या बड्या माणसासमोर खांद्यावर पंचा ठेवायचा नसे. समोरून अंबलम आले की पंचा खांद्यावरून ओढायचा, काखेत घालायचा, वाकायचं. आता कोण पाळतंय? माझा कदिरेसन तर गॉगल लावून अंबलमांच्या दारावरून मोटरसायकल उडवत नेतो. पण मामंजी जुने. आणि हात तर त्यांच्याहूनही जुना.

तो हात उठला. त्याने खांद्यावरचा पंचा सर्रकन ओढला. मोठा पंचा तो, मीच मेली मोठा बघून आणला होता. काखेत जाण्याआधी हवेत असा गरकन फिरला की तिकडच्या बांधावरच्या आंधळ्यालाही दिसावा. आणि मामंजी वाकले.

पुढे काय झालं ते मला नीट सांगताच यायचं नाही. एक गर्जना झाली. चारी बांध एकदम पाण्यात कोसळले. पुजारी हातात जळता कापूर घेऊन उभाच, त्याच्या दोन्ही अंगांनी माणसं वाहतायत. मी ओरडत होते, अहो थांबा, अजून नाही, अजून नाही. माझं कोण ऐकतंय? मागून असा लोंढा आला की मी टोपलीसकट पाण्यात. वीरणन अंबलमही त्याच लोंढ्यात सापडले. गुडघाभर चिखलात उभे, वेष्टीची पार दशा झालेली, छत्री मात्र अजून डोक्यावर.

सगळं गेलं, हे कळत होतं. पण खरं सांगू? हातात टोपली होती आणि पायाला मासे गुदगुल्या करत होते. दुःख करायला सवड कुठली? चिखलात टोपली दाबली, आत काहीतरी धाडकन आपटलं, वरून हात घातला तर मरळ. मरळ हातात येते आणि जाते, सासूच्या कौतुकासारखी. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मी तिच्या कल्ल्यांत बोटं खुपसली आणि छातीशी धरून उभी राहिले. माझ्या हाताएवढी लांब होती. पंचवर्णमच्या टोपलीतही काहीतरी मोठं धडकलं, तिने मोठ्या ऐटीत हात घातला आणि बाहेर काढलं ते अंबलमांचं पायताण. ती म्हणते, याचं कालवण कसं करतात गं? आणि आजूबाजूला काय चाललं होतं ते बघायला हवं होतं. गावातली बाई वस्तीतल्या पोराला म्हणतेय, धर रे ती वाम, माझ्याच्याने धरवत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्याचं जाळं आमच्या पोरांच्या जाळ्यात गुंतलं, तर दोघं मिळून ते ओढतायत आणि एकमेकांना शिव्या घालत हसतायत. कोण वरचा, कोण खालचा, चिखलाने सगळ्यांना एकाच रंगाचं केलं होतं. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच होतं आणि ते चुकीने झालं होतं.

वर बघितलं तर मामंजी दगडावर तसेच. पंचा काखेत, मान खाली. एकाही माशाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना तसं बघून माझ्या हातातली मरळ जड झाली.

ऊन चढलं तसं लोक वर आले. वीरणन अंबलमांनी तोवर पाय धुतले नव्हते, मुद्दाम. चिखलाची वेष्टी सगळ्यांना दिसायला हवी ना. त्यांनी मोरीपाशीच पंचायत बसवली. पिशव्या, टोपल्या, ओच्यांत मासे घेऊन सगळे भोवती गोळा झाले. अंबलमांनी फार बोलायची गरजच नव्हती. कापूर जळत होता, लोक पाण्यात होते, पुजारी साक्षीला. अट सगळ्यांसमोर ठरली होती. पंचा माझ्या घरी द्या, एवढंच म्हणाले. आणि वर पुस्ती जोडली, आधी गाव आणि मग वस्ती ही रीत होती तेव्हा असला गोंधळ कधी झाला नव्हता. ते ऐकून वस्तीतली पोरं चुळबुळायला लागली. म्हणजे नुसता पंचाच जाणार नव्हता. आज पहिल्यांदा आम्ही सगळ्यांबरोबर पाण्यात उतरलो होतो, तेही जाणार होतं.

अळगुमीनाचा चेहरा उतरला होता. तिने वर दगडाकडे बघून विचारलं, "मोक्कैया आजोबा, कापूर अजून जळत होता. पंचा का फिरवलात?"

मी दगडाच्या पायथ्याशीच होते. खालून कुजबुजले, मामंजी, माशी हाकलली म्हणा. पंचवर्णम दुसरीकडून, वाऱ्याने उडाला म्हणा आजोबा, वारा होताच की. कदिरेसन नुसता बघत होता. आजोबा एवढे मोठे पाटकरी, चुकतील कसे, याचं कोडं त्याच्या तोंडावर लिहिलेलं.

"फिरवला नाही," मामंजी म्हणाले. "उतरवला."

"का उतरवलात?"

"अंबलम आले म्हणून."

माझे कान तापले. आमची पोरं जमिनीकडे बघायला लागली. कदिरेसनने मोबाइल खिशात घातला आणि तोंड दुसरीकडे वळवलं. एवढ्या माणसांसमोर, आसपासच्या सगळ्या गावांसमोर म्हाताऱ्याने सांगून टाकलं होतं की मी अजून वाकतो. त्यापेक्षा चुकलो म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं मला वाटलं. मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू?

वीरणन अंबलमांच्या डोळ्यांत क्षणभर समाधान दिसलं. पण मग सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हात झटकले. मी सांगितलं होतं का याला, उतरव म्हणून? कुणी ऐकलं? आणि मग म्हणाले, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पुढच्या वर्षी मी आलो की हा परत उतरवणार. असल्या हातात पंचा द्यायचा का, तुम्हीच सांगा."

आणि बघा, बोलणं चुकीचं नव्हतं. गावातल्या माना हलल्या. वस्तीतल्याही दोन-चार हलल्या. अळगुमीना ओठ चावत उभी राहिली.

मामंजींनी काखेतला पंचा हातात घेतला. "तुम्ही नाही सांगितलंत, अंबलम. तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं. मी पोरगा होतो, याच बांधावर. त्यांनी एकदाच सांगितलं. परत सांगावं लागलं नाही."

मामंजींच्या कानामागे बोटभर लांब व्रण आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. कधी विचारलं की म्हणायचे, पाय घसरून पडलो होतो. पाय कुठे घसरला होता ते मला त्या दिवशी कळलं. मघाशी त्यांच्यावर रागावले होते, त्याची मला लाज वाटली.

"हात माझा आहे," मामंजी म्हणाले, "पण त्याला शिकवलं तुमच्या घराने. मी किती सांगितलं तरी तो ऐकत नाही, आज बघितलंत ना. तुम्ही सांगा त्याला. पंचा खांद्यावर राहू दे म्हणून. तुम्हीही एकदाच सांगा."

आता अंबलमांची पंचाईत झाली. सांगावं तर बापाचा शब्द मोडतो, न सांगावं तर आपणच तो उतरवायला लावतो असं चारचौघांत कबूल होतं. इकडे बघतायत, तिकडे बघतायत. ऊन डोक्यावर आलं, टोपल्यांवर माशा घोंगावायला लागल्या. गावातलीच एक बाई मागून म्हणाली, अहो सांगून मोकळे व्हा, मासे वास मारायला लागलेत. लोक हसले. तेवढ्यात धाकटे अंबलम पुढे सरकले. अंगभर चिखल, दोन्ही हातांत कटले, चेहरा अगदी भाबडा. "दादा, तुला जड जात असेल तर मी सांगतो. घर तेच आहे."

झालं. थोरल्यांनी त्यांना एका हाताने मागे सारलं.

"मोक्कैया, पंचा खांद्यावर राहू दे."

पलीकडच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं, ऐकू नाही आलं. अंबलमांना परत सांगावं लागलं, आणि या खेपेला ते चिडून एवढ्या मोठ्याने बोलले की पाण्यावरचे बगळे उडाले. मामंजींनी पंचा झटकला, नीट घडी घातली आणि खांद्यावर ठेवला.

"सांगितलं," अंबलम म्हणाले. "पुढे काय? सांगून खोड जाते होय?"

"बघू या की," मामंजी म्हणाले. "तुम्ही त्या चिंचेपर्यंत जा आणि परत या. पंचा खांद्यावरून उतरला तर तुमचा, नाही उतरला तर इथेच राहील. मीच घरी आणून देईन."

मी दगडाला घट्ट धरलं. अहो मामंजी, काय बोलताय? जुनी सवय आहे ती, अशी दोन शब्दांनी सुटते का? अळगुमीनाही घाबरली, म्हणाली, आजोबा, घाई नको. पण वीरणन अंबलम 'कबूल' म्हणून एव्हाना वळले होते. त्यांच्या चालीवरूनच कळत होतं, त्यांना खात्री होती. छत्री मिटून काखेत मारली आणि बांधाच्या वळणावरच्या चिंचेकडे निघाले. माणसांनी वाट करून दिली. कुणी टोपली हलवेना, कुणी लेकराला ओरडेना.

चिंचेपाशी ते थांबले. वळले. त्यांनी छत्री उघडली, अगदी पहाटेसारखी, आणि यायला लागले. चाल तीच, मान ताठ, नजर सरळ मोरीच्या दगडावर. मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचे खांदे आकसले. मला दिसलं. करुप्पसामी, मी म्हटलं, तुला कोंबडा देईन, दोन देईन.

अंबलम निम्म्यावर आले आणि मामंजींचा उजवा हात उठला. आपोआप, सकाळी उठला तसाच. बोटांनी पंच्याची कड पकडली. वीरणन अंबलमांनी ते लांबूनच बघितलं, त्यांची पावलं जलद झाली. पंचा खांद्यावरून थोडा सरकला. पंचवर्णमने माझं मनगट असं आवळलं की तिच्या नखांच्या खुणा मग किती दिवस होत्या. आजोबा, नको, असा कदिरेसनचा आवाज आला. मघाशी फिरवलेलं तोंड त्याने परत इकडे केलं होतं.

मामंजींनी डावा हात वर आणला. तो उजव्यावर ठेवला आणि दाबला. दोन्ही हात खांद्यावर, मध्ये पंचा. म्हातारा पायापासून डोक्यापर्यंत थरथरत होता, पण पाठ सरळ होती. अंबलम आले, आणखी पुढे आले, पार दगडाला टेकले. वर बघत उभे राहिले. वाट बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि पंचा जागचा हलत नव्हता.

मग मामंजींनी एक हात काढला, मग दुसरा. दोन्ही हात खाली सोडले, रिकामे. पंचा खांद्यावर तसाच.

"पुढच्या खेपेला जरा लवकर या, अंबलम," ते म्हणाले. "कापूर लागायच्या आत."

आधी धाकटे अंबलम हसले, मग अळगुमीना, आणि मग चारी बांध असे गर्जले की उरलेसुरले बगळेही गेले. मी मात्र खाली चिखलात फतकल मारून बसले, मरळ मांडीवर घेतली आणि लाज सोडून हमसून हमसून रडले.